दागिन्याची पाठ

"मोडके दागिने, जसे आहेत तसे, परत घेतले जाणार नाहीत" असं लिहिलेला एक किलोचा लॉट मी पहिल्यांदा मागवला तेव्हा घरात पहिला प्रश्न आला, हे घालणार कोण? प्रश्न अगदी बरोबर होता, कारण मी दागिने घालत नाही. म्हणजे व्रत वगैरे काही नाही, नुसता वैताग येतो, केसात अडकतं, स्वेटरला अडकतं, झोपताना टोचतं, आणि काढून ठेवलं की सापडत नाही. तरी मागवला. त्याला आता पाच-सहा वर्षं झाली, तेव्हापासून बरेच किलो माझ्या टेबलावरून गेलेत, आणि हे वेड आहे की धंदा असं कुणी विचारलं तर मी हिशेबाची वही दाखवायचं टाळते.

लॉट म्हणजे काय असतं ते सांगते. पिशवी ओतली की सगळ्यात आधी साखळ्यांचा एक गच्च गोळा बाहेर पडतो, त्याला मी गुंतवळ म्हणते, कंगव्यातून निघते तशीच दिसते. मग जोडीदार हरवलेली कानातली, शेकड्यांनी. खडे पडलेल्या अंगठ्या आणि अंगठ्यांतून पडलेले खडे, या दोघांची भेट मात्र क्वचितच होते. फिरक्या, हुक, अर्धं ब्रेसलेट, बंद घड्याळ, शर्टाचं बटण, कशाची तरी बारीक किल्ली, एकदा तर दुधाचा दात. कुणीतरी कधीतरी ड्रॉवर उपडा केलाय आणि मागे वळून बघितलेलं नाही, एवढं कळतं.

गुंतवळ सोडवायची युक्ती म्हणजे टाल्कम पावडर आणि दोन सुया, आणि ओढायचं नाही. मला ओढायची सवय आहे, त्यामुळे पहिल्या वर्षी मोडक्या साखळ्यांमध्ये मी स्वतःही बरीच भर घातली.

मग मॅग्नेट. मॅग्नेटला सोनं चिकटत नाही, चांदी चिकटत नाही, पण पितळही चिकटत नाही आणि तांबंही नाही, म्हणजे "हे नक्की नाही" एवढंच तो सांगू शकतो, "हे आहे" असं कधीच सांगत नाही. वर फसवतोही. खऱ्या सोन्याच्या साखळीच्या क्लास्पमध्ये आतली एवढीशी स्प्रिंग बरेचदा स्टीलची असते, तेवढंच टोक मॅग्नेटकडे झुकतं आणि नवखा माणूस अख्खी साखळी बाजूला टाकतो. (टाकली होती. दोन दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला, मग कचऱ्याची पिशवी उपसली.) त्यानंतर दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन शिक्के शोधायचे. ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, ९१६ म्हणजे बावीस कॅरेट, ७५० अठरा, ५८५ चौदा, ३७५ नऊ. जीपी (गोल्ड प्लेटेड) दिसलं की नुसता मुलामा. ईपीएनएस दिसलं की चांदीचा थर, आणि खाली बहुतेक जर्मन सिल्व्हर, ज्यात तांबं असतं, निकेल असतं, जस्त असतं, चांदी तेवढी नावालाच. आपण मराठीत ॲल्युमिनियमलाही जर्मनच म्हणतो त्यामुळे माझ्या एका ट्रेमध्ये दोन जर्मन शेजारी शेजारी पडलेले असतात आणि दोघांनाही कुणी विचारत नाही. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ॲल्युमिनियम वेगळं काढणं इतकं अवघड होतं की त्याचे दागिने घडवत, श्रीमंतांसाठी. १८८६ साली विजेच्या साहाय्याने ते काढायची रीत सापडली, अमेरिकेत हॉलला आणि फ्रान्समध्ये एरूला, दोघांना स्वतंत्रपणे आणि त्याच वर्षी, आणि थोड्याच काळात तो धातू दागिन्यांतून उठला आणि पातेल्यांत जाऊन बसला. धातू तोच, चमक तीच.

शेवटी कसोटी. कसोटी हा मुळात काळा दगड, हे आपण क्रिकेटच्या नादात विसरूनच गेलोय. दगडावर दागिना घासायचा, बारीक पिवळी रेघ उमटते, तिच्यावर नायट्रिक ॲसिडचा थेंब. पितळेची रेघ हिरवट होऊन विरून जाते, चांगल्या कसाच्या सोन्याची तशीच बसून राहते, अगदी निर्विकार. हलक्या कॅरेटला ॲसिड वेगळं लागतं आणि तिथे सरावाची नजर लागते. पण खरं सांगायचं तर शंभरेक पिशव्या उपसल्यावर हातालाच आधी कळतं. सोनं पाण्याच्या १९.३ पट जड, पितळ साधारण साडेआठ पट, त्यामुळे तळहातावर घेतलं की एक आपलं वजन सांगतं आणि दुसरं नुसतं रंग सांगतं. बाकी सोन्याच्या आशेने कुणी यात पडू नका, बहुतेक पिशव्यांत गुंजभरही निघत नाही. आणि घरात लहान मुलं असतील तर हा पसारा त्यांच्या हाताला लागेल असा ठेवूच नका, स्वस्त दागिन्यांत शिसं असू शकतं, २००६ मध्ये अमेरिकेत चार वर्षांच्या एका मुलाने असलंच एक छोटं पदक गिळलं आणि शिशाच्या विषबाधेने तो गेला. माझे सगळे डबे वरच्या फळीवर, झाकण लावून.

तर हे झालं काम. आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

शिक्का शोधायचा तर दागिना उलटा करावा लागतो. शिक्का पुढे कधीच नसतो, तो असतो मागे, आत, क्लास्पच्या जिभेवर, अंगठीच्या पोटात. म्हणजे या पाच-सहा वर्षांत मी दागिन्यांचे चेहरे जितके पाहिले नसतील तितक्या त्यांच्या पाठी पाहिल्या आहेत, भिंगातून, दिव्याखाली. आणि पाठी बोलतात. पुढची बाजू घडवणाऱ्याची असते, फूल काढलंय, मोर काढलाय, खडे लावलेत, जे असेल ते. मागची बाजू घालणाऱ्याची.

एका लॉकेटची पाठ इतकी गुळगुळीत होती की नक्षीची सुरुवात कुठे होती तेही कळेना, आणि बिजागरी ढिली, म्हणजे ते रोज उघडलं जात होतं. दुसरं एक तसंच, जवळपास त्याच घाटाचं, पण त्याची बिजागरी इतकी घट्ट की नखाने उघडेना, शेवटी सुरीचं टोक लावलं, आत काहीच नव्हतं, फोटोची ती गोल फ्रेमसुद्धा नवीकोरी. पदकांच्या कड्या आतल्या बाजूने करवतीने कापाव्यात तशा अर्ध्या झालेल्या असतात, कारण काही माणसं विचार करताना साखळीवर पदक इकडून तिकडे, तिकडून इकडे सरकवत बसतात. दातांच्या खुणा असलेली पदकं तर कितीतरी. अंगठी वरून जाड आणि तळव्याच्या बाजूला पातळ, तिथे ती पिशव्यांच्या, दारांच्या, स्टिअरिंगच्या मुठीत रोज घासलेली असते. एखाद्या अंगठीवर सरळ आडवा कट असतो, आणि दोन्ही टोकं फाकवलेली. ही मोडलेली नसते, बोट सुजल्यावर कटरने कापून काढलेली असते. तशी दिसली की मी ती थोडा वेळ बाजूलाच ठेवते, का ते मलाही नीट सांगता येणार नाही.

तर माझ्या डोक्यात हळूहळू असं बसत गेलं की माणसं दागिने दुसऱ्यांनी बघावं म्हणून घालतात हे अर्धंच खरं आहे. "हातच्या कांकणाला आरसा कशाला" ही म्हण लहानपणापासून ऐकली पण तिच्यात दागिन्यांची एक सरळ विभागणी आहे हे मला लॉट निवडताना कळलं. काही दागिने घालणाऱ्याला स्वतःला आरशाशिवाय दिसतात, हातातलं, बोटातलं. काही त्याला स्वतःला कधीच दिसत नाहीत, कानातलं, नाकातलं, गळ्यालगतचं. मग जे स्वतःला दिसतच नाही ते सगळं दुसऱ्यासाठी, असं म्हणावं, तर कानातल्याच्या फिरक्या अशा घासलेल्या असतात की आटे गेलेले, म्हणजे माणूस बोलता बोलता त्या फिरवत होता. दिसत नाही पण हाताला लागतं. माझ्या डब्यांत सगळ्यात जास्त घासलेल्या वस्तू सगळ्यात देखण्या नाहीत, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. देखण्या वस्तू बरेचदा नव्यासारख्या असतात. त्या कपाटात होत्या.

व्हिएन्नातल्या गेओर्ग श्टाइनहाउझर नावाच्या एका रसायनशास्त्रज्ञाने लग्नानंतर वर्षभर दर आठवड्याला स्वतःच्या बोटातली अंगठी काढून वजन केलं. अठरा कॅरेटची, साडेपाच ग्रॅमहून थोडी जास्त. २००८ मध्ये त्याने निष्कर्ष छापला, आठवड्याला सरासरी ०.१२ मिलिग्रॅम सोनं झिजतं, वर्षाला सहा मिलिग्रॅमच्या जरा वर. समुद्रकिनाऱ्यावरच्या सुट्टीत झीज वाढली, वाळूमुळे. मला हे वाचल्यावर आधी हसू आलं, नवीन लग्न झालेला माणूस दर आठवड्याला अंगठी तराजूत टाकतोय म्हटल्यावर बायको काय म्हणाली असेल. आणि मग ते सोनं जातं कुठे हा विचार आला. जातं कुठे म्हणजे काय, टॉवेलवर, दाराच्या मुठीवर, दुसऱ्याच्या हातावर.

आणि झीज हीच मुळात सगळ्यात जुनी साक्ष आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बॉस गुहेत ४० हून अधिक शिंपले सापडले, वाटाण्याएवढ्या गोगलगाईंचे, साधारण ७५,००० वर्षांपूर्वीचे, भोकं पाडलेले. आता नुसत्या भोकाने काही सिद्ध होत नाही, भोक खेकडाही पाडतो, लाटाही पाडतात. ते दागिने होते असं म्हणायला आधार मिळाला तो भोकाच्या कडेला दोरीने आणि कातडीने घासून आलेल्या सपाट चकाकीचा. म्हणजे तिथल्या पुरातत्त्ववाल्यांनी २००४ साली जे केलं तेच मी टेबलावर करते, भिंग घेऊन कुठे घासलंय ते बघते (त्यांचं भिंग जरा बरं होतं). त्यानंतर मोरोक्कोतल्या बिझमून गुहेतले शिंपल्यांचे मणी सापडले, ते १,४२,००० वर्षांपूर्वीचे किंवा त्याहून जुने. क्रोएशियात क्रापिना इथे गरुडाच्या आठ नख्या आहेत, १,३०,००० वर्षांपूर्वीच्या, त्यांच्यावर कापल्याच्या आणि घासल्याच्या खुणा, आणि तिथे राहत होते निअँडरथल, म्हणजे नामशेष झालेली दुसरी मानवप्रजाती. म्हणजे ही हौस फक्त आपल्याच प्रजातीची आहे असंही नाही. शेती नव्हती, चाक नव्हतं, मडकं नव्हतं, आणि कुणीतरी बसून शिंपल्याला भोक पाडत होतं.

संस्कृतात अलंकार हा शब्द "अलम्" वरून आला आहे, अलम् म्हणजे पुरेसं, बास. अलंकृत करणं म्हणजे पुरेसं करणं, सज्ज करणं. म्हणजे त्याआधी माणूस अपुरा होता की काय? आम्हाला शाळेत अलंकार म्हणजे शोभा वाढवणारा, वरून लावलेला, असंच शिकवलं, उपमा काय नि रूपक काय. पण अंगठी रोज घालणारीला एक दिवस अंगठी घालायला विसरल्यावर विचारून बघा. ती दिवसभर त्या रिकाम्या बोटाला हात लावत असते. तिला शोभा कमी झाल्यासारखं वाटत नाही, तिला दार उघडं टाकून आल्यासारखं वाटतं.

आता दुसरी बाजू मी लपवत नाही, कारण माझ्या एका मैत्रिणीने मला हे सगळं बोलताना मध्येच तोडून विचारलं होतं की मग नाकापेक्षा मोती जड का घालतात लोक? तेही खरंच आहे. दागिना दुसऱ्याला दिसतोच आणि म्हणून सत्तेला खुपतोही. इसवी सनापूर्वी २१५ मध्ये, कार्थेजचा सेनापती हॅनिबल दारात उभा असताना, रोमने ऑपियन कायदा केला, बायकांनी अर्ध्या औंसापेक्षा जास्त सोनं बाळगायचं नाही. लढाई संपली, संकट टळलं, पुरुषांचा थाट परत आला, कायदा मात्र तसाच. शेवटी इ.स.पू. १९५ मध्ये बायका रस्त्यावर उतरल्या, फोरमकडे जाणाऱ्या वाटा अडवून बसल्या, येणाऱ्या जाणाऱ्या पुरुषांना गाठून मत मागितलं, केटो नावाच्या कॉन्सलने कायदा रद्द करण्याच्या विरोधात चिक्कार भाषण ठोकलं आणि कायदा रद्द झाला. अर्ध्या औंसासाठी! मला नाही वाटत की तो भांडणाचा विषय सोन्याचा होता. आपल्या अंगावर काय असावं हे दुसऱ्याने का ठरवायचं, एवढा साधा विषय.

याच्या बरोबर उलट झालं १८१३ मध्ये प्रशियात. नेपोलियनशी लढायला पैसा हवा म्हणून राजघराण्यातून आवाहन झालं, लोकांनी सोन्याचे दागिने दिले आणि बदल्यात लोखंडाचे घेतले, त्यावर कोरलेलं असायचं, "लोखंडासाठी मी सोनं दिलं". मग असं झालं की सोनं घालून फिरणाऱ्याकडे लोक वाकड्या नजरेने बघायला लागले आणि काळं लोखंड मिरवायची वस्तू झालं. बर्लिन आयर्न म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या नाजूक, कोळ्याच्या जाळ्यासारख्या वस्तूंना आज संग्राहक वाट्टेल ते देतात. आणि माझ्या पिशवीत तशी एखादी आली असती तर? मॅग्नेटने ती पहिल्याच फटक्यात उचलली असती आणि मी न बघता लोखंडाच्या डब्यात टाकली असती. हे कळल्यापासून मी लोखंडाचा डबा आठवड्यातून एकदा पुन्हा चाळते. अजून काही मिळालं नाही, सेफ्टी पिना मिळाल्या.

इंग्लंडमध्ये साधारण पंधराव्या ते सतराव्या शतकात पोझी रिंग नावाचा प्रकार लोकप्रिय होता, साधी सोन्याची अंगठी आणि तिच्यावर प्रेमाची एखादी ओळ, आणि ती ओळ बऱ्याचदा कोरलेली असायची आतल्या बाजूला. हे मला फार आवडतं. म्हणजे लिहायचं पण वाचायला कुणी नाही, कातडीला लावून ठेवायचं. आणि आतली अक्षरं झिजवतं कोण तर ज्याच्यासाठी लिहिलं त्याचंच बोट.

ज्या गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं ती इथेच सांगून टाकते. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी मी जमलेली मोड गाळायला दिली. त्यात एक चांदीचं जाड ब्रेसलेट होतं, मधल्या पट्टीवर काही नाही, साधं. वजन चांगलं होतं म्हणून दिलं. महिन्याभराने त्या लॉटचे जुने फोटो डिलीट करत होते आणि एका फोटोत ते ब्रेसलेट उलटं पडलेलं दिसलं, झूम केलं तर पट्टीच्या आत दोन ओळी, यंत्राच्या नव्हे, हाताने खरवडल्यासारख्या, एक तारीख आणि तिच्याखाली एक शब्द जो फोटोत फुटत होता. मी पाठी बघणारी बाई, आणि ही पाठ मी बघितलीच नाही, शिक्का क्लास्पवर मिळाला होता ना, मग पुढे कशाला बघतेय. गाळणाऱ्यांना फोन केला. त्यांनी सांगितलं की ते कधीच मुशीत गेलं, आणि जरा हसलेच. चांदी ९६२ अंशांना वितळते, सोनं १०६४ ला, आणि त्यानंतर कुणाची पाठ आणि कुणाचं पोट काही उरत नाही. जगात दरवर्षी नव्याने बाजारात येणाऱ्या सोन्यातलं साधारण पाव सोनं असं जुनं गाळलेलं असतं, त्यामुळे आज नवीकोरी म्हणून घेतलेल्या अंगठीत कुणाकुणाचे कान आणि बोटं असतील सांगता येत नाही. हे छान वाटायला हवं खरं. मला त्या दिवशी अजिबात छान वाटलं नाही.

तेव्हापासून एक डबा वेगळा आहे, विकायचाही नाही आणि गाळायचाही नाही. त्यात कापलेल्या अंगठ्या आहेत, ते बिजागरी ढिली झालेलं लॉकेट आहे, लहान मुलाचं कडं आहे ज्याच्यावर पुढच्या दोन दातांच्या खुणा आहेत. धंद्याच्या दृष्टीने मूर्खपणा.

गेल्या वर्षीच्या एका पिशवीत ३७५ चा शिक्का असलेली एक अंगठी निघाली. बारीक, खडा नाही, नक्षी नाही, तळव्याच्या बाजूला कागदासारखी पातळ झालेली. आत काहीतरी लिहिलं होतं. दिवा तिरका धरून, शिसपेन्सिलची पूड लावून, सगळं करून बघितलं, शेवटचं एक अक्षर तेवढं लागतं, बाकी नुसत्या रेघोट्या. मापासाठी म्हणून बोटात घातली, उजव्या हाताच्या मधल्या बोटात बरोबर बसली, आणि फोन आला म्हणून उठले आणि काढायची राहिली. अजून काढलेली नाही. स्वेटरला अडकत नाही, कारण अडकेल असं तिच्यावर काही उरलेलंच नाही. साखळ्या सोडवताना मधेच लक्षात येतं की अंगठा तिला गोल गोल फिरवतोय, कधीपासून फिरवतोय देव जाणे. ते उरलेलं एक अक्षर आता माझं बोट पुसणार, डब्यात ठेवली तर राहील, हे कळतं, पण काढायचं म्हटलं की हात पुढे होत नाही.

आणि हो, मी तिचं वजन करते. त्या व्हिएन्नावाल्याला हसले होते ना. माझा काटा साधा, एक शतांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा, म्हणजे त्याच्या हिशेबाने शेवटचा एक आकडा हलायलाच दीड वर्षाहून जास्त लागणार, तरी रविवारी सकाळी चहा होईपर्यंत ठेवून बघते. आजही ठेवली. २.३१.